पाखराला पाखरू कोण करतं?

मार्च सरला की गॅलरीतल्या कुंडीत, जिन्यातल्या दिव्यावर, पारिजातकाच्या बेचक्यात बुलबुलाची घरटी दिसू लागतात. पाठोपाठ एक प्रश्नही ठिकठिकाणी ऐकू येतो: अंडं गार पडलंय, आई फिरकत नाही, घरी उबवता येईल का? खोका, कापूस, पिवळा बल्ब अशी तयारीही झालेली असते. त्यामागचा कळवळा खरा असतो आणि मला तो मोलाचा वाटतो. तरीही माझं उत्तर ‘नको’ असंच आहे.

मुळात अंडं टाकून दिलंय हे ठरवलं कोणी? पुष्कळ लहान पक्षी रोज एक याप्रमाणे अंडी घालतात आणि वीण पुरी होत आली की मगच नेटानं बसतात. तोवर अंडं गार लागलं तरी आतला गर्भ मेलेला नसतो, त्याची वाढ फक्त थबकलेली असते. सगळी पिल्लं साधारण एकाच वेळी बाहेर यावीत, अशी ती सोय आहे. शिवाय आपण खिडकीशी उभे राहून आईची वाट पाहतो, तेव्हा ती समोरच्या तारेवर बसून आपण हटण्याची वाट पाहत असते.

समजा, अंडं खरोखरच पोरकं झालं. मग बल्ब काय देईल? फक्त ऊब. उबवण्याच्या दिवसांत पुष्कळ पक्ष्यांच्या पोटावरची पिसं गळतात, उघड्या कातडीत रक्त खेळू लागतं आणि ती कातडी अंड्याला थेट टेकते. अंडी अधूनमधून फिरवली जातात, नाहीतर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी सतत उडत असतं. पिल्लू बाहेर येईपर्यंत अंड्याचं वजन साधारण 15 टक्क्यांनी घटावं लागतं, तेव्हाच आत श्वासापुरती हवेची जागा तयार होते. हवा फार कोरडी असली तर पिल्लू पापुद्र्यात अडकतं, फार दमट असली तर आत गुदमरतं. कोंबडीसाठी 37.5 अंश आणि 21 दिवस हे गणित पक्कं बसलेलं आहे. बुलबुलासाठी घरातल्या खोक्यात ते कुणी बसवायचं?

टिटवीचं पाहा. मे महिन्यात ती उघड्या माळावर, खड्यांमध्ये अंडी घालते. त्या उन्हात अंडी तापू न देणं हेच तिचं मोठं काम असतं. ती पाण्यात पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधणारे कित्येक शेतकरी नांगरताना तेवढा तुकडा सोडून देतात. अंदाज खरा ठरो न ठरो, त्या सोडलेल्या तुकड्याचं मला फार अप्रूप आहे.

अंड्याला ऐकूही येतं. ऑस्ट्रेलियातल्या फेअरीरेन या चिमुकल्या पक्ष्याची मादी उबवताना अंड्यांना साद घालते, आणि पिल्लं पुढे अन्न मागताना त्या सादेतलाच सूर लावतात, हे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं. सगळ्याच पक्ष्यांत असं होतं असं नाही, पण बंद कवचामागे नुसती वाट पाहणं चालू नसतं एवढं नक्की.

शेवटच्या टप्प्यावर तर माणसाचा धीर सुटतो. कवचाला भेग दिसली की नखानं टवका काढायची इच्छा होते. आत मात्र उरलेला बलक पोटात ओढला जात असतो, पापुद्र्यातलं रक्त आटत असतं. महाभारतातल्या विनतेनं उतावीळपणे अंडं फोडलं आणि अरुण अर्धवट घडलेलाच बाहेर आला. दुसऱ्या अंड्याला तिनं पुरा वेळ दिला, त्यातून गरुड आला. ही कथा रचणाऱ्यांनी अंडी नीट पाहिली असावीत.

आणि पिल्लू बाहेर आलं तरी खरी अडचण पुढेच आहे. बुलबुलाचं पिल्लू उघडंबोडकं, आंधळं असतं. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत त्याला थोड्याथोड्या वेळानं किडे भरवावे लागतात. होल्याच्या पिल्लाला सुरुवातीला आईबापांच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दूधच लागतं, त्याला गाईचं दूध चालत नाही. एवढं करून ते जगलं, तर मांजराला भ्यायचं कुणाकडून शिकणार? जन्मल्यावर पहिल्यांदा दिसलेल्या कोनराड लॉरेन्झ यांनाच हंसाची पिल्लं आई मानून त्यांच्यामागे चालत. या शास्त्रज्ञांना 1973 चं नोबेल विभागून मिळालं. त्या पिल्लांचं चित्र सगळ्यांना गोड वाटतं, मला त्यात हंसांचं नुकसानही दिसतं.

माणसानं अंडी कधीच उबवू नयेत, असं मी म्हणत नाही. जैसलमेरजवळ सम इथल्या केंद्रात 2019 पासून माळढोकाची रानातली अंडी आणून उबवली जातात. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते आणि पक्षी दीडशेच्या आसपास उरले आहेत, म्हणून हा धोका पत्करावा लागला. त्यामागे वन विभाग आहे, भारतीय वन्यजीव संस्था आहे, वर्षानुवर्षांची शिस्त आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 पासून याच पक्ष्यासाठी अभयारण्य आहे. तिथे तो आता क्वचितच दिसतो. पिल्लू वाढवता येईल, पण त्याला सोडायला गवताळ माळ आधी राखावा लागेल.

घराजवळचं अंडं न फुटता खाली पडलं असेल, तर त्याच घरट्यात परत ठेवावं. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी अंडी टाकतात ही समजूत निराधार आहे. आई आलीच नाही, तर अंडं तिथेच राहू द्यावं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही शिकारीच्या व्याख्येत मोडतं. वीण फसली तर बुलबुलासारखी जोडी बहुधा त्याच हंगामात नवं घरटं बांधते. त्यासाठी झाडोरा लागतो, आणि सोसायट्यांमधली पावसाळ्यापूर्वीची छाटणी नेमकी त्याच महिन्यांत होते. करवत लावण्याआधी फांदीवर घरटं आहे का हे कुणीतरी पाहायला हवं, आणि असेल तर ती फांदी पिल्लं उडेपर्यंत ठेवायला हवी. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय मांडता येईल.