धुण्याआधी

मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. हाताखाली एक पोरगा होता, नुकताच शिकायला लागलेला.

थंडीचे दिवस होते. एका सकाळी केळीचा एक व्यापारी रावेरहून गाडी घेऊन आला. त्याने बोनेट उघडलं. इंजिन कुठलं आणि माती कुठली, काही ओळखू येत नव्हतं.

"दर महिन्याला धुऊन घेतो," शेठ वैतागून म्हणाला. "आठ दिवसांत पुन्हा तेच. आता असं धुवा की टिकलं पाहिजे."

पोराने लगेच पाण्याची नळी ओढली. मिस्त्रीने नळ बंद केला.

"इंजिनवर हात धर. लावू नको, नुसता धर."

पोराने वीतभर वरून हात धरला. तरी झळ लागली.

"तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं, तर ते तडकू शकतं. जा, बोरं घेऊन ये."

शेठ घड्याळ बघू लागला. पण मेहरूणची बोरं समोर आल्यावर घाई कोणाला राहते? तिघं खात बसले. बियांचा ढीग झाला तोवर इंजिन निवलं.

मिस्त्रीने बॅटरीची काळी वायर सोडवली. लालला आधी हात घातला आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडते. मग त्याने अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि हवेच्या नळीचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधलं. तेवढ्यात पोराने डब्यात पेट्रोल आणलं.

"उस्ताद, चिकटा लवकर निघेल."

"चिकटा निघेल, आणि एका ठिणगीत गॅरेजही निघेल. ठेव तिकडे लांब. साबणाचं पाणी आण."

पोराने पाणी आणलं, ब्रश उचलला. "आता धुऊ?"

"आता बघ. घाण कोरडी कुठे आहे, ओली कुठे?"

पोरगा गाडीखाली शिरला. चेंबर तेलाने चिंब होतं. "चेंबर गळतंय, उस्ताद!"

"तेल खाली येतं, वर चढत नाही. अजून वर जा."

पोरगा बाहेर आला. ओल्या घाणीवरून बोट फिरवत तो वर वर गेला. बोट टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यापाशी थांबलं. त्याच्या वर नुसती कोरडी धूळ होती.

"पॅकिंग गेलंय," पोरगा हळूच म्हणाला.

"मी धुवायला दिली होती," शेठ म्हणाला, "दुरुस्तीला नाही."

"शेठ, तेल इथून झिरपतं. त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि चिखल होतो. धुतल्यावर आठ दिवस तो दिसत नाही, एवढंच."

शेठ गप्प बसला. मग त्याने मान हलवली.

काळं पाणी गटारात जाऊ नये म्हणून पोराने खाली भुसा पसरला. मिस्त्रीने ब्रशने घाण सोडवली आणि नळीची बारीक धार धरली. प्रेशरचा पंप कोपऱ्यात असूनही त्याने तो काढला नाही. जोराची धार वायरींच्या जोडांत आणि प्लगच्या खड्ड्यांत पाणी घुसवते. मग पोराने कॉम्प्रेसरची हवा मारून एकेक कोपरा सुकवला. इंजिन स्वच्छ आणि कोरडं झालं, तेव्हाच मिस्त्रीने कव्हर उघडलं. आधी उघडलं असतं तर माती आत पडली असती. नवीन पॅकिंग बसलं, पिशव्या निघाल्या, काळी वायर जोडली. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

शेठ वाकून बघत राहिला. "टिकेल ना?"

"घाण जिथून येते ती जागा बुजवली, की धुतलेलं टिकतं."

"मग पुन्हा धुवायला कधी आणू?"

"कशाला आणता? धूळ दिसली तर गार इंजिनवर कोरडं फडकं फिरवा."

शेठ पैसे देऊन गेला. दर महिन्याचं गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून पोरगा जरा हिरमुसला. मिस्त्रीने त्याच्या हातात झाडू दिला आणि ओला भुसा गोळा करायला सांगितलं.