बेथानीच्या घरी जेवण आणि शोक



या आठवड्याच्या मननासाठी योहानकृत शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय व बाराव्याची पहिली दोन वचने घ्यावी. ज्या उपदेशकांस हा लेख गावच्या उपासनेत वाचून दाखवावयाचा असेल, त्यांनी लूकच्या दहाव्या अध्यायाचा शेवटचा भागही त्यास जोडावा. त्या भागात मार्था पाहुण्यासाठी चुलीपाशी धावपळ करीत आहे. योहानाच्या अकराव्या अध्यायात तिच्याच घरातून प्रेत बाहेर गेले आहे. बाराव्यात पुन्हा पंगत बसली आहे आणि मार्था पुन्हा वाढीत आहे. माणसे तीच, मध्ये मृत्यू येऊन गेला एवढेच.

बेथानी हे यरुशलेमेपासून पाऊण कोसावरचे खेडे. हे अंतर योहानाने मुद्दाम लिहून ठेविले आहे. कारण शहरातले पुष्कळ लोक त्या बहिणींचे सांत्वन करण्यास चालत आले होते. छत्रपती संभाजीनगरची छावणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास वेळ लागणार नाही. जुन्या शहराच्या पश्चिमेस खाम नदी ओलांडली की छावणी लागते. निजामाच्या राज्यातील कंटिंजंट फौजेचा तळ येथे असे. ती फौज १९०३ साली हिंदी सैन्यात मिळविण्यात आली, परंतु छावणीची वस्ती, तिचा बाजार व उपासनामंदिर ही मागे राहिली. येथे हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती यांची घरे भिंतीस भिंत लावून उभी आहेत. एका घरी रडणे झाले तर ते दुसऱ्या घरी ऐकू येते.

माझी धाकटी बहीण याच वस्तीत नांदते. २०२४ च्या एप्रिल महिन्यात, पुनरुत्थानाच्या सणानंतरचा पहिला रविवार तिच्या घरी घालवावा म्हणून मी शनिवारी सकाळी गंगापुराकडून येणाऱ्या गाडीने नगर नाक्यावर उतरलो. घरी कुरडयांचा दिवस होता. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, रात्रभर निवळू दिलेला चीक पहाटेच शिजवून झाला होता. भाचरांनी मला हात धुण्याचीही सवड न देता वाटीभर ऊन ऊन चीक, साखर घालून, पुढे केला. मग दुपारपर्यंत गच्चीवर मी व ती दोन मुले हातात काठी घेऊन कावळे हाकीत बसलो. संध्याकाळी कलिंगड कापले. मंडळीच्या कामात असले दिवस वर्षातून फार थोडे मिळतात, आणि ते देवाची देणगी म्हणून घ्यावे असे मला वाटते.

परंतु त्या घरात मोठी माणसे हळू आवाजात बोलत होती. त्याच आठवड्यात बुधवारी, ३ एप्रिल रोजी, पहाटे चारच्या सुमारास छावणीच्या दाणा बाजारात एका कपड्यांच्या दुकानास आग लागली, आणि दुकानाच्या वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात माणसे धुराने गुदमरून मरण पावली. त्यांत दोन लहान लेकरे होती. रमजानचा महिना चालू होता. ईद आठवड्यावर आली होती. वर्तमानपत्रात मी हे वाचले होते, पण ज्या गल्ल्यांतून धुराचा वास आला त्या गल्ल्यांत बसून ऐकणे निराळे.

बहीण म्हणाली, "दादा, मंगळवारी संध्याकाळी मी गहू भिजत घातले आणि बुधवारी पहाटे हे झाले. ओतून द्यावे असे वाटले. पण धान्य कसे फेकायचे? आम्ही केले ते बरे केले का?" तिच्या सासूबाई मात्र दिवसभर मुलांस दटावीत होत्या, की फार हसू नका, हसण्यामागून रडणे येते. आणि गाडीत शेजारी बसलेले एक गृहस्थ, आपल्याच समाजातले, मला म्हणाले होते, "वाईट झाले खरे; पण ते काही आपल्यातले नव्हते."

ही तिन्ही वाक्ये आपल्या खेड्यांतही ऐकू येतात. म्हणून त्यांचा विचार करू.

सासूबाईंचे बोलणे आपल्या रक्तात फार जुने आहे. आनंदास दृष्ट लागते, म्हणून तो दडवावा. ईयोबाची मुले थोरल्या भावाच्या घरी जेवीत असतानाच वादळाने ते घर कोसळले, हे वाचून कित्येकांस वाटते की जेवणावळीचेच हे फळ. परंतु तो ग्रंथ असे कोठेही म्हणत नाही. तुझ्या मुलांनी काही पाप केले असावे, असे सुचविणारा मनुष्य बिल्दद होता. आणि शेवटी देवाचा कोप ईयोबावर नव्हे, तर बिल्दद व त्याच्या सोबत्यांवर झाला. माझ्या अनुभवात, शोकाच्या घरी बिल्ददच फार येतात. त्यांच्या हाती बायबलही असते.

गाडीतल्या गृहस्थांस उत्तर लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती इतर यरुशलेमकरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न प्रभूने स्वतःच काढला व स्वतःच नाही म्हटले. आणि मग तो ऐकणाऱ्यांकडे वळून त्यांच्याच पश्चात्तापाविषयी बोलला. मेलेल्यांचा हिशेब त्याने लोकांच्या हाती दिला नाही. तसेच रडणाऱ्यांबरोबर रडण्याची आज्ञा रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे. तेथे रडणारा कोणत्या मंडळीचा असावा हे पौलाने लिहिलेले नाही. उलट त्याच अध्यायात पुढे भुकेल्या शत्रूसही जेवू घालण्यास सांगितले आहे. मग शेजारी तर शेजारीच.

राहिला माझ्या बहिणीचा प्रश्न, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. मी तिला बेथानीची गोष्ट वाचून दाखविली. मार्था व मरीया या दोघींनीही प्रभूस अगदी एकच वाक्य म्हटले: तू येथे असतास तर भाऊ मेला नसता. परंतु त्याने दोघींस एकच उत्तर दिले नाही. मार्थेशी तो बोलला. पुनरुत्थानाविषयीचे त्याचे सर्वांत मोठे वचन तिला मिळाले. मरीया रडत पायांशी पडली तेव्हा त्याने वचन सांगितले नाही; प्रेत कोठे ठेविले आहे एवढेच विचारले आणि तोही रडला. थोड्याच वेळात लाजर उठणार हे त्यास ठाऊक होते, तरीही त्याने रडणे टाळले नाही. यास्तव पुनरुत्थानाच्या सणाच्या आठवड्यात रडणाऱ्याचा विश्वास उणा, असे कोणी म्हणू नये. आणि मार्थेने पुढे पंगत मांडली, तेव्हा प्रभूने तिला शोकाची आठवण देऊन ती उठविली नाही; तो जेवावयास बसला. गहू ओतून दिल्याने त्या घरातले कोणी परत येणार नव्हते. "तू कुरडया केल्यास त्यात वावगे काही नाही," मी तिला म्हटले, "फक्त गच्चीवरचे हसणे गल्लीत ऐकू जाऊ नये, एवढे बघ." सासूबाई यावर काही बोलल्या नाहीत, पण रात्री त्यांनीच मुलांस जवळ घेऊन गोष्ट सांगितली.

आता उपदेशकांसाठी थोडेसे. प्रेत पोचवून आल्यावर शेजाऱ्यांनी पिठले-भाकरी घेऊन जाण्याची, कडू घासाची, चाल आपल्या प्रांतात आहे. ती जुन्या धर्माची म्हणून काही ठिकाणी आपल्या लोकांनी सोडल्याचे मी ऐकतो. माझ्या मते हे बरे झाले नाही. त्या भाकरीत मूर्तिपूजा नाही. ज्या घरची चूल थंड आहे तेथे दुसऱ्या घरची ऊब जाते, इतकेच. तेव्हा ती चाल पुन्हा धरावी, आणि मृत घर आपल्या मंडळीचे नसले तरी न्यावी. तेथे गेल्यावर उपदेश करू नये; कोणी विचारले तर प्रार्थना करावी, न विचारल्यास भांडी घासून यावे. देवाची इच्छा, हे शब्द पहिल्या दिवशी आपल्या तोंडून निघू नयेत.

पहिल्या दिवशी माणसे पुष्कळ येतात. बेथानीत मात्र लाजरास कबरेत चार दिवस झाले होते, तरी सांत्वन करणारे घरातच होते. म्हणून उपासना आटोपल्यावर बायांस थांबवून चौथ्या दिवशी कोणाच्या घरून, आठव्या दिवशी कोणाच्या घरून भाकरी जाईल हे ठरवून घ्यावे, आणि ज्या घरी लहान लेकरे मागे राहिली असतील तेथे दुधाचीही व्यवस्था करावी.