पाठ झालेलं भाषण

१ ऑगस्ट जवळ आला की शाळेत शेंगा आणि टरफलं सुरू होतात. टिळक पुण्यतिथीचं भाषण. आधी ‘अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’, मग ‘दोन शब्द शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती’, आणि लगेच जन्म, गाव, आईवडील. पोरं हे सगळं एका दमात म्हणतात. दम घेतला तर पुढचं वाक्य निसटेल, ही धास्ती.

वक्तृत्वाची मुलं तयार करण्यात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. ‘घोकंपट्टी’ म्हणून पाठांतराला नाकं मुरडणारे शिक्षक पुष्कळ भेटले. मी त्यांच्यातला नाही. मात्र मुलं अडतात कुठे, हे बघत आलो. ती अवघड शब्दावर क्वचितच अडतात. कुणी मध्येच हसलं, टाळी पडली, चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा वाजली, की गाडी थांबते. मग नजर छताकडे आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात. प्रत्येक वाक्याला मागच्याचाच आधार असतो, त्यामुळे मधूनच आत शिरायला दार नसतं. ज्या टाळीसाठी एवढा खटाटोप, तीच वैरीण होते.

मोठ्यांचंही हेच होतं. चर्चिल तरुणपणी अख्खं भाषण पाठ करून सभागृहात उभे राहायचे. २२ एप्रिल १९०४ रोजी कामगार संघटनांविषयीच्या विधेयकावर पाऊण तास बोलल्यावर एका वाक्याच्या मध्येच त्यांचा धागा तुटला. पुढचं काही केल्या आठवेना. ऐकून घेतल्याबद्दल सभागृहाचे आभार मानून ते खाली बसले. वय होतं २९. त्यानंतर हातात कागद असल्याशिवाय ते महत्त्वाचं भाषण करायला उभे राहत नसत. भाषण पूर्वीसारखंच आधी लिहून, घोटून तयार. पण कागदावर ओळी कवितेसारख्या तोडलेल्या, म्हणजे नजर टाकली की जागा सापडावी.

आपल्याकडे या अडचणीवर फार जुना आणि चिवट उपाय आहे. घनपाठी वैदिक मंत्र नुसता पुढे पुढे म्हणत नाहीत. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, अशा क्रमानं शब्द उलटसुलट गुंफत जातात. प्रत्येक शब्दाला मागचे-पुढचे शेजारी दोन्ही बाजूंनी ठाऊक. अक्षर इकडचं तिकडे होऊ नये म्हणून हा आटापिटा आहे, आणि मंत्रासाठी तो योग्यच. भाषणाला एवढी अक्षरनिष्ठा लागत नाही, किंबहुना ती मारक ठरते.

भाषणासाठी मला कीर्तनकार जास्त जवळचे वाटतात. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगावर निरूपण, उत्तररंगात आख्यान. बुवांना आर्या, साक्या, दिंड्या, श्लोक शेकड्यांनी मुखोद्गत असतात. त्यात काना-मात्रेचा फरक होत नाही. मधलं गद्य मात्र त्या त्या संध्याकाळचं असतं. समोर म्हातारी मंडळी असतील तर कथा रेंगाळते, पोरं चुळबुळ करू लागली की युद्ध लवकर येतं. पाठ केलेलं आणि सुचलेलं यांची जागा ठरलेली आहे: प्रसंग वळतो तिथे पद, बाकी मोकळं रान. शिवाय एक सोय अशी, की पेटी-तबल्यावर पद चालू असताना बुवांना पुढचं जुळवायला उसंत मिळते. आपण ज्याला उत्स्फूर्त म्हणतो, त्याच्या पोटात हे असं घोटलेलं पुष्कळ असतं.

म्हणून मी मुलांकडून सुरुवातीची दोन वाक्यं, शेवटची दोन, सनावळ्या आणि कुणाचे शब्द उद्धृत करायचे असतील तर ते, एवढंच चोख पाठ करून घेतो. मधल्या गोष्टी रोज निरनिराळ्या क्रमानं सांगायला लावतो. कुणी तरी मागे बाक आपटतो, कुणी भलताच प्रश्न विचारतो. पहिले काही दिवस भाषण खिळखिळं होतं, पालक कुरकुरतात. त्यांना व्हॉट्सॲपवर ‘सर, पूर्ण भाषण पाठवा’ एवढंच हवं असतं, आणि मी मुद्दे पाठवतो. काही गुणपत्रकांवर ‘पाठांतर’ असा स्वतंत्र रकाना असतो, त्यामुळे त्यांचंही अगदीच चूक म्हणता येत नाही.

पण हा नियम मी स्वतःच मोडतो. वर्गात हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानाही ज्याचा आवाज फुटत नाही, अशा मुलाला मोकळं रान देणं म्हणजे त्याला उघड्यावर सोडणं. त्याला मी अख्खं भाषण लिहून देतो, छोट्या छोट्या वाक्यांचं, त्याला म्हणता येतील अशाच शब्दांत. त्यानं ते एका दमात म्हणून टाकावं आणि जागेवर जाऊन बसावं. टाळ्या पडल्या तर काय करायचं, ते पुढच्या वर्षी बघू.