अठरा ते तीस

टाईप १ मधुमेह, थॅलेसेमिया किंवा जन्मजात हृदयदोष असलेली मुले मोठी होतात, ही गोष्ट तशी अलीकडची. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचले गेले ते जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटोत, १४ वर्षांच्या एका मुलाला. त्याआधी टाईप १ मधुमेहाचे मूल सहसा वर्ष-दोन वर्षे काढी. औषधांनी मुले जगवली; ती मोठी झाल्यावर कोणाच्या दारात उभी राहणार, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या बोरीसारख्या गावात हा प्रश्न सरकारी कागदांवरच वाचता येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, हृदयाचा दोष, संधिवाताने बिघडलेली झडप, फिट, दमा हुडकते आणि पुढे पाठवते. मर्यादा १८ वर्षांची. (टाईप १ मधुमेह मूळ ३० आजारांच्या यादीतही नव्हता.) उलट बाजूने, रक्तदाब आणि शुगरच्या तपासणीसाठी आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, तो तिशीपुढच्यांचा. मधली बारा वर्षे कोणत्याच यादीत बसत नाहीत. किशोरवयीनांसाठीची ‘मैत्री’ क्लिनिके आहेत, पण तीही १९ ला थांबतात. ओपीडीत गेलेल्या तरुणाला कोणी परत पाठवत नाही, हे खरे. पण न आलेल्याला शोधायला कोणी निघत नाही.

संधिवाती हृदयविकारात ही फट नेमकी नडते. झडप आणखी बिघडू नये म्हणून पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी घ्यायचे असते, तेही निदान २१ व्या वर्षापर्यंत; झडप जास्त खराब असेल तर चाळिशीपर्यंत. शाळा सुटली की आठवण करून देणारे पथक सुटते. मुलगा कामासाठी चाकणला जातो किंवा घरच्यांबरोबर ऊसतोडीला, आणि दुखत काहीच नसल्याने इंजेक्शन पहिल्यांदा चुकते.

बालरोग विभागात डॉक्टर बोलतात ते आईशी. फाईल तिच्या पिशवीत, डोस तिच्या डोक्यात. मोठ्यांच्या ओपीडीत प्रश्न रुग्णालाच विचारले जातात, तेही दोन-चार मिनिटांत, आणि विसाव्या वर्षी आपल्या औषधाचे नाव सांगता न येणारा तरुण गोंधळतो. त्यातून एक जुनी विसंगती अशी की अनेक सरकारी रुग्णालयांत बालरोग विभाग बाराव्या वर्षीच संपतो. तेरा वर्षांचे पोर मेडिसिनच्या वॉर्डात म्हाताऱ्यांच्या शेजारी झोपते. मधुमेहात तर घोटाळा आणखी वाढतो. तिथली रांग टाईप २ वाल्यांची असते. “मला गोळ्यांवर भागतं, तुला सुया कशाला?” हे शेजारच्या बाकावरून ऐकून इन्सुलिन सोडणे जिवावर बेतू शकते.

मुलींच्या बाबतीत वयाबरोबर लग्न येते आणि आजार लपवला जातो. सासरच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन ठेवायचे तर ते सांगावे लागते. फिटसाठी व्हाल्प्रोएट चालू असेल तर त्याचा पोटातल्या बाळाला धोका असतो. त्यामुळे ते बदलायचे का, हे लग्नाआधीच ठरायला हवे. बालरोगतज्ज्ञ हा विषय काढत नाहीत, आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे मुलगी पोचते तेव्हा बहुधा तिसरा महिना लागलेला असतो.

इंग्लंडमध्ये २०१६ पासून राष्ट्रीय मार्गदर्शिका आहे: मोठ्यांच्या विभागात जाण्याची तयारी तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू करावी आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांशी बोलणारी एक ठरलेली व्यक्ती मुलाला द्यावी. मराठवाड्यात याच्या जवळ जाणारे काम टाईप १ मधुमेहापुरते झाले आहे. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था मुलांना उपचाराबरोबर आपला आजार स्वतः सांभाळायला शिकवते. खर्चाच्या बाजूने पाहिले तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा भर रुग्णालयात भरती होऊन करायच्या उपचारांवर आहे. हृदयाची शस्त्रक्रिया तीत बसते, रोजची सुई बसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलला मान्यता दिली, आणि त्या हक्काला अठराव्या वर्षाची अट नाही.

परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बालरोग आणि मेडिसिन या विभागांनी महिन्यातला एक दिवस एकत्र ओपीडी घेतली, तर जुना डॉक्टर नव्याला समोरासमोर रुग्ण सोपवू शकेल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. जाताना हातात एक मराठी कागद असावा: आजाराचे नाव, झालेली शस्त्रक्रिया, चालू औषधे व डोस, कशाची अ‍ॅलर्जी, पुढची तपासणी कधी, आणि रात्री बेरात्री काही झाले तर जवळच्या डॉक्टरने प्रथम काय करायचे. तो चौदाव्या वर्षी मुलाकडूनच लिहून घेतला, तर त्याला काय माहीत नाही तेही त्याच दिवशी कळते. ऊसतोडीला जाणाऱ्याच्या कागदावर आणखी एक ओळ लागते: फडावर फ्रिज नसेल, तेव्हा इन्सुलिन ओल्या वाळूतल्या मडक्यात, उन्हाआड.