वाढ्याचं वाण

मुकादमाच्या वहीत तिचं नाव नव्हतं. तिथं माणसं नाही, कोयते लिहितात आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल नवऱ्यानं घेतलेली, अंगठा त्याचा, नाव त्याचं. पहाटे चारला फडात दोघं उतरायची. ऊस तोडायचा, पाचट काढायचं. मोळ्या बांधून डोक्यावरून फळीनं ट्रकवर चढवायच्या. २०२४च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, पण टनाचे पैसे जोडीलाच. ती तापानं दोन दिवस कोपीत पडली, तेव्हा मात्र मुकादमानं लगेच खाडा लावला. कामात ती अर्धा कोयता; खाड्यात पुरी भरली.

दसऱ्यानंतर धारूरहून निघालेली टोळी पाडव्याच्या सुमाराला परतायची. गावात बचत गट होता. सहा महिने बैठकीला नाही म्हणून तिथलंही नाव वगळलेलं. नियम खोटा नव्हता म्हणा, फक्त तो बारा महिने गावात राहणाऱ्यांनी केलेला.

भोगीच्या दिवशी कऱ्हाडजवळच्या त्या फडावर मालकीणकाकी आल्या.

"अगं बीडवाली, सुगडात घालायला चार कांड्या दे की."

तिनं शेंड्याकडचा पाणचट ऊस बाजूला सारला. बुडख्याकडचा एक निवडला, सोलला, बोटभर तुकडे केले, पेरांची टोकं कोयत्यानं गुळगुळीत केली आणि ते काकींच्या पदरात घातले. दुसऱ्या दिवशी इरकली नेसलेल्या बायका सुगडं घेऊन कोप्यांवरूनच देवळात गेल्या. काकी वाईट नव्हत्या. हिला बोलवायचं त्यांच्या मनातच आलं नाही.

हळदीकुंकू काय, रथसप्तमीपर्यंत चालतं. चार दिवसांनी काकी म्हशीसाठी वाढ्याच्या पेंढ्या विकत घ्यायला आल्या, तेव्हा ती म्हणाली, "काकी, उद्या दिस मावळायला आमच्याकडं हळदीकुंकू हाय. सूनबाईला घिऊन या."

"कोपीत?" काकी हसल्या.

"मग? माडी कुठून आणू?"

काकी आल्या. भिडेनं आल्या की पेंढीच्या आशेनं, ते त्यांनाच ठाऊक. कोपीत शिरताना कुणालाही वाकावं लागतं, त्याही वाकल्या. आत गोणपाट अंथरलेलं, कोपऱ्यात गुंडाळलेली वाकळ, तीन दगडांची चूल, वर ताडपत्री. टोळीतल्या पाच-सहा जणी दाटीवाटीनं बसलेल्या. तिनं डबीतलं कुंकू लावलं, तीळ-गुळाचा खडा दिला आणि वाण म्हणून एकेक हिरवीगार पेंढी पुढं केली, वाढ्याच्याच पात्यानं आवळून बांधलेली. रोज पैसे मोजून न्यायची ती आज तशीच मिळाली. काकींचा हात सवयीनं कनवटीला गेला होता, तो त्यांनी गुपचूप मागं घेतला.

काहीतरी बोलायला हवं म्हणून त्या म्हणाल्या, "नाव घे की गं."

बाकीच्या खिदळल्या. तिनं पदर सारखा केला.

"ह्यांचं नाव मुकादमाच्या वहीत हाय, उचलीच्या कागदावर हाय. आज माझंच घेते."

आणि ठसक्यात म्हणाली, "कौसाबाई."

काकींच्या सुनेनं ते ओठातल्या ओठात एकदा म्हणून पाहिलं. बाहेर अंधार पडत होता. धारेची वेळ झाली म्हणून काकी पेंढी काखेत मारून उठल्या, दारात वाकल्या आणि तशाच वळून म्हणाल्या, "येते गं, कौसाबाई."