न घडलेल्या गोष्टींची जबाबदारी

इतिहासाविषयी ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न विचारणे म्हणजे रिकामपणाचा उद्योग होय, असे पुष्कळ विचारी माणसे मानतात. पानिपतावर डाव उलटला नसता तर काय झाले असते, हा वाद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रंगत आला आहे आणि त्यातून कोणाच्या हाती फारसे काही लागलेले नाही, हेही खरे. तथापि या प्रश्नाचा एक नैतिक उपयोग आहे व तो सहसा ध्यानात घेतला जात नाही. जे घडले ते अटळ होते, की केवळ अनास्थेने तसे घडले, हे ठरविण्यास कल्पनेवाचून दुसरे साधन नाही. दुसरा मार्ग मुळातच नव्हता, तर कोणास दोष देता येत नाही. मार्ग होता आणि कोणी त्या वाटेस गेले नाही, तर मात्र जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. आम्ही हा विचार येथे एका क्षुल्लक वाटणाऱ्या विषयास लावून पाहणार आहोत. तो विषय म्हणजे मुलांच्या कार्टूनच्या वाहिन्या.

पुण्यास गुलटेकडीवरील मार्केट यार्डात सकाळचे व्यवहार आटोपल्यावर गाळ्यांच्या आडोशाला मुले खेळत असतात. त्यांत हमालाचा मुलगा असतो, भाजी निवडणाऱ्या बाईची मुलगी असते, एखाद्या आडत्याचा नातूही असतो. आईला हाक मारावयाची ती मराठीत, रडावयाचे ते मराठीत, भांडावयाचे तेही मराठीत. परंतु खेळात कोणी छोटा भीम झाला किंवा मोटू-पतलूची जोडी जमली, की तीच मुले एकाएकी हिंदी बोलू लागतात. हे कोणी त्यांना शिकविलेले नसते. पराक्रम, जादू, थट्टा या गोष्टी ज्या भाषेत त्यांच्या कानी आल्या, त्याच भाषेत ती त्या खेळतात.

आमची तक्रार हिंदीविषयी नाही. एक भाषा अधिक येणे हा लाभच आहे. ‘टॉम अँड जेरी’च्या उंदरा-मांजरास तर बहुतेक वेळा भाषाच लागत नाही, व त्यांना हसणारे मूल काही परके होत नाही. आमची चिंता निराळी आहे. घरची बोली रागावण्यास व गृहपाठास, आणि स्वप्ने पाहण्यास मात्र दुसरी, असा निष्कर्ष मूल नकळत काढत असेल, तर मोठेपणी आपल्या भाषेकडून त्याची अपेक्षाच थोडी राहील. ज्या भाषेकडून अपेक्षा नाही, तिच्यासाठी कोणी श्रम करीत नाही.

आता ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावयाचा तर काही पथ्ये पाळली पाहिजेत. एका वेळी एकच गोष्ट बदललेली कल्पावी. ती अशी असावी, की त्या काळच्या एखाद्या माणसास वा संस्थेस ती खरोखर बदलता आली असती. आणि तिच्या पोटी सर्व सद्गुण आपोआप जन्मास आले असते, असे मानू नये. या पथ्यांनिशी पाहता आपल्या इतिहासात तीन वळणे दिसतात.

पहिले वळण चित्रपटांच्या आरंभकाळातील आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा चित्रपट करून निर्जीव काड्यांस नाचविले. पुढे १९३४ साली प्रभात कंपनीने पुण्यात ‘जम्बुकाका’ हा कार्टूनपट काढला. म्हणजे ही कला आपल्याला परकी नव्हती. पुण्यास तर ती घरची होती. मग ती वाढली का नाही? बोलपटाच्या एका सेकंदास २४ चित्रे लागतात. या हिशेबाने दहा मिनिटांच्या पटास १४,४०० चौकटी होतात. प्रत्येक चौकटीस नवे चित्र न काढता एकच चित्र दोनदा वापरले, तरी सात हजारांवर चित्रे हाताने काढावी लागणार. एवढ्या श्रमांचे मोल चित्रगृहाच्या तिकिटांतून निघणे दुरापास्त होते. प्रभात कंपनी स्वतःच १९५३ साली बंद पडली. या वळणावर आम्ही कोणास दोष देणार नाही. येथे वाट फार अरुंद होती.

दुसरे वळण तसे नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व पुढील वर्षी सिंहगडावरून त्याचे कार्यक्रम पुण्यास दिसू लागले. मुंबईतच फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५०च्या दशकापासून काम करीत होता, आणि ही दोन्ही खाती एकाच मंत्रालयाखाली होती. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘एक अनेक और एकता’ हा छोटा पट केला. तो पुढे देशभर मुलांच्या तोंडी झाला; मात्र तो हिंदीत होता. केंद्राने शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’ चालविले, मुलांसाठी ‘किलबिल’ही चालविले. म्हणजे कलावंत होते, यंत्रे होती, प्रेक्षक होते व तिकिटावर अवलंबून नसलेला पैसाही होता. आठवड्यास पाच-दहा मिनिटांचे मराठी कार्टून नियमाने दाखवावे, एवढे कोणी ठरविले असते तर? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलीवरून पुण्याच्या पेठांतून धावताना चित्ररूपाने दिसला असता. त्यातील पुष्कळ भाग सरकारी व कंटाळवाणा झाला असता, हे आम्ही मान्य करतो. परंतु कंटाळवाण्या कामावरच पुढील कामाचे हात तयार होतात. ही परंपरा निर्माण झाली नाही, ती अशक्य होती म्हणून नव्हे, तर कोणास तिची गरज भासली नाही म्हणून.

तिसरे वळण उपग्रह वाहिन्यांचे. कार्टून नेटवर्क १९९५ साली भारतात आले. मुंबईच्याच यूटीव्हीने २००४ साली ‘हंगामा’ ही मुलांची वाहिनी काढली, ती हिंदीत. आणि दोनच वर्षांनी ती डिस्नेस विकली. चेन्नईच्या सन समूहाने मात्र २००७ साली तमिळ, २००९ साली तेलुगू व कन्नड आणि २०११ साली मल्याळम, अशा चार भाषांत मुलांच्या वाहिन्या उभ्या केल्या. त्यांतील कन्नड वाहिनीचे नाव ‘चिंटू’! आमच्या पुण्याचा चिंटू १९९१ पासून वृत्तपत्राच्या चौकटीत मुलांस व मोठ्यांस हसवीत होता. पण त्याच्या नावाची वाहिनी निघाली ती शेजारच्या भाषेत. दक्षिणेतील वाहिन्यांवरही पुष्कळसा माल परका व भाषांतरितच होता. परंतु आपल्या भाषेचे दार उघडे असले, म्हणजे एखादे दिवशी त्यातून आपले मूल बाहेर येण्याची शक्यता तरी राहते.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, की हा सारा बाजाराचा न्याय आहे. मराठी मुलांस हिंदी समजते, मग निराळा खर्च कोण करील? या आक्षेपास उत्तर देण्यास मार्केट यार्डासारखी दुसरी जागा नाही. एके काळी शेतमालाचा भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरत असे आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूस उभा राही. तोही बाजारच होता. पुढे १९६३ साली बाजार समित्यांचा कायदा झाला. उघड लिलाव, परवानाधारक आडते व तोलणार यांची व्यवस्था बसली. पाठीवर पोती वाहणाऱ्यांसाठी १९६९ साली माथाडी कायदा आला, तो हमालांच्या संघटनांनी झगडून मिळविला. आजही त्या आवारात सारे आलबेल आहे, असे नव्हे. तथापि एक गोष्ट तेथे सिद्ध झाली आहे: बाजार हा पावसासारखा आकाशातून पडत नाही, तो माणसे घडवितात. कांद्याच्या भावासाठी ज्या समाजाने समिती नेमली, त्याने मुलांच्या कल्पनाविश्वाचा भाव मात्र रुमालाखालीच ठरू दिला.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. जी वस्तू मुलास कधी मिळालीच नाही, तिची त्याला उणीव भासत नाही. मग अन्याय झाला तो कोणावर? आमच्या मते उणीव भासणे ही अन्यायाची कसोटीच नव्हे. उघड लिलाव पाहिलेलाच नसलेल्या शेतकऱ्यासही त्याची उणीव भासली नसेल. म्हणून त्याचे नुकसान खोटे ठरत नाही. शिवाय हे नुकसान सर्वांस सारखे झालेले नाही. सुशिक्षितांच्या घरी फास्टर फेणेची पुस्तके होती, १९५२ पासून मद्रासहून येणारा ‘चांदोबा’ होता, निजताना गोष्ट सांगण्यास आजी होती व तिला सवडही होती. जेथे आईबाप पहाटे तीनला कामावर जातात, तेथे गोष्ट सांगण्याचे काम दूरचित्रवाणीच्या पेटीकडेच आले. म्हणून ज्यांच्यापाशी पर्याय होते, त्या वर्गास ही पोकळी जाणवली नाही; आणि ज्यांना ती जाणवावयाची, त्यांच्या हाती लेखणीही नव्हती व कुंचलाही नव्हता.

न घडलेल्या गोष्टीस एक कर्ता नसतो, म्हणून तिचा पंचनामा होत नाही. परंतु कर्ता नाही म्हणून कर्तव्य नाहीसे होत नाही; ते ज्यांना करता आले असते त्या सर्वांत वाटले जाते, इतकेच. आता पेटीची जागा हातातील मोबाइलने घेतली आहे आणि चित्रे हलविण्यास पूर्वीइतके हात लागत नाहीत. म्हणजे चौथे वळण समोरच आहे. ते टळले, तर पुढील पिढीने आमच्याविषयी ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न विचारल्यास वाट अरुंद होती, ही सबब आमच्यापाशी असणार नाही.