पहाटेचे उड्डाण की सायंकाळचे?

चांगले आणि वाईट यांतून चांगले निवडावे, हे आपल्याला शब्बाथशाळेतच शिकवलेले असते. ते आचरणात आणणे कठीण असले, तरी समजण्यास कठीण नाही. परंतु दोन चांगल्या गोष्टी समोर असून त्यांतील एकच घेता येणार असेल तर काय करावे, याविषयी आपल्या उपासनामंदिरांतून फारसे बोलले जात नाही. भाविक माणसाची झोप मात्र पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारच्या निवडीनेच उडते.

अमेरिकेतील फिनिक्स शहरी स्थायिक झालेल्या एका परिचित दांपत्याने मध्यंतरी मला पत्र लिहिले. त्यांच्या विवाहाला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने उष्ण हवेच्या बलूनमधून सफर करावी असे ठरले होते. सफर सूर्योदयाची घ्यावी की सूर्यास्ताची, एवढाच प्रश्न उरला होता. पत्नीला पहाट हवी होती, कारण पुनरुत्थानाची वार्ता स्त्रियांना पहाटेच मिळाली. पतीला सायंकाळ हवी होती, कारण अम्माऊसच्या वाटेवरील दोघांबरोबर प्रभू राहिला तो दिवस कलल्यावर. “काका, दोन आठवडे प्रार्थना करीत आहोत, पण प्रभूची इच्छा कळत नाही,” असे पत्नीने लिहिले होते. खाली पतीने एक ओळ जोडली होती: आता या विषयावर आम्ही जेवताना बोलत नाही.

वाचकांनी हसू नये. बलूनच्या जागी नोकरी, घर किंवा विवाहाचे स्थळ ठेवून पाहावे. खुणेची वाट पाहत शिक्षकाच्या नेमणुकीची मुदत टळू देणारा एक तरुण मी पाहिला आहे. नेमणूक गेली तेव्हा, ‘हीच प्रभूची इच्छा असावी,’ असे तो म्हणाला. त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू, कारण प्रार्थनेच्या घाईत तीच बहुधा मागे राहते. बलूनला सुकाणू नसते. प्रोपेनच्या ज्योतीने आतील हवा तापवली की ते वर जाते, निवली की खाली येते. आडवी दिशा सर्वस्वी वाऱ्याच्या स्वाधीन असते. वेगवेगळ्या उंचीवर वारे वेगवेगळ्या दिशांनी वाहतात, त्यांतील सोयीचा थर शोधणे एवढेच चालकाच्या हाती. रात्रभरात जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड व जड होऊन स्थिरावते. म्हणून पहाटेचा वारा सामान्यतः मंद व भरवशाचा असतो. ऊन चढले की तापलेली हवा उसळ्या घेऊ लागते. तेव्हा बलून जमिनीवर असलेलेच बरे. सूर्यास्तापूर्वीच्या सुमारे दोन तासांत या उसळ्या शमू लागतात. परंतु त्या वेळेवर शमतीलच असे नाही, आणि अंधार पडण्यापूर्वी उतरणेही भाग असते. त्यामुळे सायंकाळचे उड्डाण रद्द होण्याचा संभव अधिक. फिनिक्सभोवतीच्या वाळवंटात सूर्यास्ताची सफर थंडीच्या महिन्यांतच मिळते. उन्हाळ्यात केवळ पहाट. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात आल्बुकर्की येथे १९७२ साली तेरा बलूनांनी सुरू झालेला मोठा मेळावा दर ऑक्टोबरात भरतो. तेथे सामुदायिक उड्डाण होते ते सकाळी. सायंकाळी बलून दोरांनी जमिनीलाच जखडलेले असतात आणि आतल्या ज्योतींनी कंदिलासारखे उजळतात. लोक दोन्ही वेळा गर्दी करतात.

तेव्हा हवामानाचे मत विचारले तर ते पहाटेच्या बाजूने पडेल, आणि माझेही तेच. पण याला मी प्रभूची इच्छा प्रकट झाली असे म्हणणार नाही. ही माहिती आहे, आणि ती मिळवण्याची बुद्धी प्रभूने आपल्याला आधीच दिलेली आहे.

पत्रात आणखी एक गोष्ट ओघाने आली होती. पत्नीच्या वृद्ध मातोश्रीही सोबत जाणार होत्या. पहाटेच्या उड्डाणासाठी अंधारातच घर सोडावे लागते. टोपलीच्या कडेवरून बहुधा चढूनच आत जावे लागते, उड्डाणभर उभे राहावे लागते आणि उतरताना बसणाऱ्या धक्क्यासाठी गुडघे वाकवून तयार असावे लागते. मातोश्रींना कोणती वेळ सोसेल, किंबहुना त्यांना जायचे तरी आहे का, हे दोन आठवड्यांत कोणी त्यांना विचारल्याचे पत्रात दिसत नव्हते. मी उत्तर लिहिले ते एवढेच विचारण्यासाठी. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा स्पष्ट शब्दांत लिहिलेली असताना आपण अलिखित खुणांसाठी आकाशाकडे पाहत बसतो, हे मला आपल्या भक्तीचे दुखणे वाटते.

समजा, हवामान पाहिले, मातोश्रींनाही विचारले, आणि तरीही तराजू समतोलच राहिला. मग? हा प्रश्न नवा नाही. अन्न व पाणी यांच्यापासून सारख्याच अंतरावर असलेल्या, सारख्याच भुकेल्या व तान्हेल्या मनुष्याचा उल्लेख ॲरिस्टॉटलने केला आहे. अकराव्या शतकातील मुस्लिम तत्त्ववेत्ता अल्-गझाली याने दोन अगदी सारख्या खजुरांचे उदाहरण घेतले. त्यांत काडीचाही भेद नसला, तरी माणूस एक उचलतोच. इच्छाशक्ती म्हणतात ती हीच, असे त्याचे म्हणणे. दोन सारख्या गवताच्या भाऱ्यांमध्ये उपाशी मेलेले गाढव फ्रेंच पंडित बुरिदान याच्या नावावर प्रसिद्ध आहे. त्याच्या ग्रंथांत ते कोठेच आढळत नाही. बहुधा त्याच्या टीकाकारांनी ते त्याच्या दारात बांधले. मला यांत अल्-गझालीचा खजूर अधिक पटतो, कारण तो पवित्र शास्त्राच्या जवळ जातो.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव आदामाला बागेतील झाडांची फळे खाण्याची मोकळीक देतो. मूळ हिब्रूत तेथे खाण्याचे क्रियापद दुहेरी आले आहे. भाषांतर करताना ‘खुशाल’ यासारख्या शब्दाने तो भाव कसाबसा आणावा लागतो. निषेध एकाच झाडाचा. बाकीच्या झाडांपैकी आज कोणते फळ खावे, याविषयी एकही आज्ञा नाही. पुढे देव प्राण्यांना आदामापुढे आणतो, तो काय नावे देतो हे पाहण्यासाठी. देवाच्या खिशात नावांची यादी असून आदामाने ती अचूक ओळखावी, अशी ती परीक्षा नव्हे. त्याने जे नाव दिले तेच नाव ठरले.

गिदोनाच्या लोकरीचा दाखला या वेळी हमखास पुढे येतो. परंतु शास्ते सहावा अध्याय नीट वाचावा. गिदोनाला काय करायचे ते आधीच सांगितले गेले होते. लोकर त्याच्या भीतीची होती, देवाच्या मौनाची नव्हे. मत्थियाच्या निवडीसाठी चिठ्ठ्या टाकल्या, हेही खरे. पण पेन्टेकॉस्टनंतर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात मंडळीने पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचे नमूद नाही. विधवेने पुन्हा विवाह करावयाचा झाल्यास वर प्रभूमधील असावा एवढी मर्यादा पौल घालतो आणि बाकीचे तिच्या इच्छेवर सोपवतो. बलूनच्या वेळेहून केवढी मोठी ही निवड!

आपल्या डोक्यावरचे केसही मोजलेले आहेत, मग देवाला क्षुल्लक ते काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो बरोबरच आहे. पण केस मोजलेले आहेत हे त्याच्या काळजीचे वर्णन आहे. भांग कोणत्या बाजूला पाडावा याची आज्ञा त्यातून निघत नाही. बापाचे मुलावर प्रेम असले, की मुलाने कोणती गोळी घ्यावी हे बाप ठरवत नाही; बरणी पुढे करतो.

माझ्या कामात हा अनुभव रोजचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, निकदेमाशी झालेल्या संभाषणात, वारा आणि आत्मा यांसाठी ग्रीकमध्ये एकच शब्द आहे. मराठीत दोन लागतात. एका जागी ‘वारा’ लिहिला की ‘आत्मा’ त्या जागेतून जातो, आणि मूळ वाचकाला एका श्वासात ऐकू आलेले मराठी वाचकाला दोन श्वासांत ऐकावे लागते. काही ठिकाणी दोन पर्याय खरोखरच तोलामोलाचे असतात. समितीत तासभर चर्चा होते, कोणीच चूक नसतो, आणि शेवटी अध्यक्ष म्हणतात, हा घ्या, पुढचे वचन वाचा. न घेतलेल्या शब्दासाठी सुतक पाळले, तर नवा करार कधीच पूर्ण व्हायचा नाही.

खरी अडचण निवडीत नसून त्या सुतकात असते. तुर्कस्तानातील कप्पदुकियात, ज्याचा उल्लेख पेत्राच्या पहिल्या पत्राच्या आरंभीच येतो, आज बलूनांची उड्डाणे प्रामुख्याने पहाटेच होतात. खडकांत कोरलेल्या जुन्या चर्चवरून ती तरंगत जातात, आणि सायंकाळ मिळाली नाही म्हणून कोणी खट्टू होत नाही, कारण ती मागण्याचा प्रश्नच नसतो. दोन्ही मिळू शकत होते हे कळले, की तेच सुख अर्धे वाटू लागते. याच कप्पदुकियात चौथ्या शतकात बिशप असलेल्या बेसिलने दिवेलागणीच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या एका प्राचीन स्तोत्राची नोंद केली आहे. रात्री उठून प्रार्थनामंदिरात जाणारे आणि दिवस उजाडताच एकमुखाने स्तोत्र गाणारे आपले लोकही त्याने एका पत्रात वर्णिले आहेत. त्याला या दोहोंत निवडावे लागले नाही.

पेरणाऱ्याने सकाळीही पेरावे, सायंकाळीही हात आखडू नये, कारण कोणते फळेल हे त्याला ठाऊक नाही, कदाचित दोन्ही सारखीच चांगली ठरतील, असा विचार उपदेशकाच्या अकराव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात थोडे आधी, वाऱ्याकडेच बघत राहणारा पेरीत नाही, असाही इशारा आहे. बलूनच्या चालकाला मात्र वाऱ्याकडे बघावेच लागते, आणि वारा पडला नाही तर दोन्ही वेळांची सफर रद्द होते, हेही त्या दांपत्याला सांगून ठेवणे भाग होते.

जमिनीवरच्या माणसापेक्षा तीनशे मीटर उंचीवरील माणसाला सूर्यास्त सुमारे दोन मिनिटे उशिरा दिसतो. पहाटे जाणाऱ्याचे नुकसान ते एवढेच. बाकीचा सूर्यास्त त्याच दिवशी फिनिक्सच्या अंगणातून, मातोश्रींच्या शेजारी खुर्च्या टाकून, फुकट पाहता येतो.